इमारतींचे संगणकीय सदृशीकरण आणि नाशिकचे हवामान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

इमारत उभी राहण्यापूर्वीच ती उन्हाळ्यात किती तापेल, थंडीत किती गारठेल आणि वर्षभरात तिला किती वीज लागेल, हे संगणकावर पडताळून पाहण्याच्या पद्धतीस सदृशीकरण, म्हणजेच सिम्युलेशन, असे म्हणतात. विषय अभियंत्यांचा वाटला, तरी त्याचा इतिहास मूलतः हवामानाच्या नोंदींचा इतिहास आहे. कोणत्या गावाच्या नोंदी झाल्या आणि कोणत्या गावाच्या राहून गेल्या, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात नाशिकच्या संदर्भात केला आहे.

प्रतिमानाची कल्पना नाशिकला अपरिचित नाही. १९५९ मध्ये येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत धरणांच्या सांडव्यांची लहान आकाराची प्रतिमाने बांधून त्यांतून वाहणाऱ्या पाण्याचा अभ्यास केला जातो. संगणकीय सदृशीकरणात सांडव्याच्या जागी भिंत, पाण्याच्या जागी उष्णता आणि प्रत्यक्ष बांधलेल्या प्रतिमानाच्या जागी समीकरणे असतात, एवढाच फरक आहे.

गणिताची वाटचाल

भिंतीवर पडलेले ऊन त्याच क्षणी खोलीत पोहोचत नाही. ते काही तासांनी आत उतरते. भिंतीची ही जणू स्मरणशक्तीच होय. ती गणितात बसविण्याची सोयीस्कर पद्धत कॅनडातील स्टीफनसन व मिटालास यांनी १९६७ मध्ये मांडली. १९७३ च्या तेलसंकटानंतर या संशोधनास वेग आला. अमेरिकेत लष्कराच्या आश्रयाने ‘ब्लास्ट’, तर ऊर्जा खात्याच्या आश्रयाने ‘डीओई-२’ या प्रणाली विकसित झाल्या. त्या दोहोंच्या अनुभवातून २००१ मध्ये ‘एनर्जीप्लस’ ही प्रणाली प्रसिद्ध झाली. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी प्रत्येक तासाला भिंती, छत, खिडक्या, माणसे, दिवे आणि खेळती हवा यांच्यामुळे होणाऱ्या उष्णतेच्या देवघेवीचा हिशेब अशा प्रणाली मांडतात. या हिशेबासाठी त्या ठिकाणचे तासागणिक तापमान, आर्द्रता, वारा व सूर्यप्रकाश यांची माहिती आधी पुरवावी लागते.

नोंदींची परंपरा

भारतात या माहितीचा पाया घालण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले. १९४८ मध्ये तेथे रुजू झालेल्या ॲना मणी यांनी उपकरणे देशातच तयार व्हावीत असा आग्रह धरला. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले, आणि १९८० मध्ये त्यांचे भारतातील सौर प्रारणविषयक माहितीपुस्तक प्रकाशित झाले. पुढील काळात सदृशीकरण करणाऱ्यांना जो आधार मिळाला, त्यामागे हे परिश्रम आहेत.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ‘टॅडसिम’ ही देशी प्रणाली तयार झाली. जे. के. नायक व जे. ए. प्रजापती यांच्या २००६ च्या ऊर्जासजग इमारतींविषयीच्या पुस्तकात जोधपूर, दिल्ली, मुंबई, पुणे, श्रीनगर व लेह ही सहा शहरे सहा हवामानांची प्रतिनिधी म्हणून घेतली आहेत. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘इश्रे’ या संघटनेने पन्नासहून अधिक शहरांच्या हवामान-फायली सिद्ध केल्या. त्यांत मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), अकोला, सोलापूर व रत्नागिरी यांना स्थान मिळाले. नाशिकला मिळाले नाही.

उसन्या हवामानाचा प्रश्न

ही बाब २००७ नंतर केवळ अभ्यासाची राहिली नाही. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता जाहीर केली. ठरावीक निकष पाळणे किंवा संपूर्ण इमारतीचे सदृशीकरण करून दाखविणे, असे दोन मार्ग तिने खुले ठेवले. अशा रीतीने संगणकाच्या हिशेबास शासकीय मान्यता मिळाली.

नाशिकच्या इमारतीसाठी पुण्याची फाइल वापरल्यास फारसे बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. दोन्ही शहरे सह्याद्रीच्या पूर्वेस, जवळजवळ सारख्या उंचीवर आहेत, हे खरे. परंतु जिल्ह्यातील निफाड येथे अनेक हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो, तर एप्रिल-मे महिन्यांत नाशिकची दुपार ४० अंशांच्या आसपास जाते. भिंत किती जाड असावी हे दिवस व रात्र यांतील तफावतीवर अवलंबून असते. ती तफावत उसनी घेतली की भिंतीचा निर्णयही उसना ठरतो. उपग्रहांच्या निरीक्षणांवरून काढलेली सौर प्रारणाची माहिती आता लहान गावांसाठीही मिळते. मात्र तिचा पडताळा जमिनीवरील उपकरणांनीच घ्यावा लागतो.

माणसाच्या सुखकर तापमानाबाबतही हेच घडले. फँगर यांचे १९७० चे सूत्र मुख्यतः अमेरिकी व डॅनिश विद्यार्थ्यांवरील प्रयोगांवर आधारलेले होते. भारतीयांसाठी शर्मा व अली यांनी १९८६ मध्ये उष्णकटिबंधीय ग्रीष्म निर्देशांक मांडला. पुढे अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली व शिमला येथील कार्यालयांच्या पाहणीवरून तयार झालेले प्रतिमान २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आले. या पाच शहरांत महाराष्ट्रातील एकही नाही.

निष्कर्ष

जुन्या नाशकातील वाड्यांच्या जाड भिंती, लाकडी सांगाडा आणि मधला चौक यांमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हवामानाचा अनुभव आहे. तथापि वाडा थंड असतो, हे आपण ऐकून सांगतो; किती अंशांनी, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हे मोजल्याशिवाय ते विधान संगणकास देता येत नाही, आणि संहितेच्या चर्चेतही त्यास वजन येत नाही. शिवाय दर पावसाळ्यात जुने वाडे कोसळल्याच्या बातम्या येतात.

हे काम महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. भूगोल व भौतिकशास्त्र विभागांनी एखाद्या वाड्याचे माजघर आणि स्लॅबच्या इमारतीतील वरच्या मजल्यावरची खोली येथे वर्षभर तासागणिक तापमान व आर्द्रता नोंदविण्याची व्यवस्था केली, तर नाशिकसाठी केलेले कोणतेही सदृशीकरण पडताळून पाहता येईल. स्लॅबच्या इमारती पुढेही मिळतील. वाड्याची नोंद मात्र तो उभा असेपर्यंतच घेता येईल.