आपत्कालीन वैद्यकीय सेवेची मानके

भूकंप, महापूर, चेंगराचेंगरी किंवा साथ अशा प्रसंगी रुग्ण एकदम वाढतात आणि खाटा, प्राणवायू, औषधे, डॉक्टर-परिचारिका अपुऱ्या पडतात. अशा वेळी कोणाला, कोठे, कोणत्या क्रमाने आणि किती उपचार द्यायचे हे सांगणारे, आधी ठरवून जाहीर केलेले नियम म्हणजे आपत्कालीन मानके. एरवी डॉक्टरचे कर्तव्य समोरच्या एका रुग्णापुरते असते. टंचाईत एकाला दिलेली खाट दुसऱ्याची गेलेली असते, म्हणून त्याच कर्तव्याचा हिशेब समूहाच्या पातळीवर मांडावा लागतो. हा हिशेब रात्रपाळीच्या डॉक्टरच्या गळ्यात मारायचा की वरच्या यंत्रणेने स्वतःच्या सहीने करायचा, यावर साऱ्या विषयाचा भर आहे.

या विचाराची सुरुवात लष्करी वैद्यकात झाली. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद दोमिनिक लारे याने जखमींचा क्रम हुद्द्यावरून न लावता जखमेच्या गांभीर्यावरून लावला. लाल, पिवळा, हिरवा, काळा या पट्ट्यांची आजची वर्गवारी त्याच परंपरेतली. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ साली कत्रिना वादळाच्या पुरात वीज गेलेल्या एका रुग्णालयात कोणाला आधी हलवायचे हे डॉक्टरांना जागच्या जागी ठरवावे लागले, आणि ते प्रकरण पुढे फौजदारी तपासापर्यंत गेले. त्यानंतर अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ व २०१२ च्या अहवालांत नेहमीची सेवा, ताणलेली सेवा आणि संकटकालीन सेवा अशा तीन पायऱ्या मांडल्या. पायरी कधी बदलली हे शासनाने जाहीर करावे, ही त्यातली कळीची अट. मार्च २०२० मध्ये इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने अतिदक्षता विभागातील प्रवेशासाठी वयोमर्यादा घालावी लागू शकते असे लिहिले, तेव्हा जगभर वाद पेटला. वादाचे कारण रास्त होते, पण तो निदान उघडपणे झाला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये घाईने केलेल्या साथरोग कायद्याने सरकारला झडतीचे व विलगीकरणाचे अधिकार दिले, पण रुग्णाला काय मिळालेच पाहिजे याबद्दल त्यात शब्द नव्हता. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभारावरचा लोकांचा रोष या एकतर्फीपणातून वाढला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसरजवळ रुग्णांची शुश्रूषा करत होते, आणि तेथेच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मराठवाड्यातील रुग्णालयांवर आलेला भार कोणत्याही आराखड्यात बसणारा नव्हता. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्याचे काम त्यानंतर सुरू झाले.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ हा आज मुख्य आधार आहे. समाजाच्या पेलण्याच्या शक्तीपलीकडची घटना ती आपत्ती, अशी त्याची व्याख्या आहे. कलम १२ नुसार राष्ट्रीय प्राधिकरणाने मदत छावण्यांतील निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय सेवा व स्वच्छतेची किमान मानके सुचवायची. कलम १९ नुसार राज्याने ठरवलेली मानके त्याहून कमी असता कामा नयेत. त्याप्रमाणे छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर जागा असावी इतक्या बारकाईने लिहिलेले आहे. छावणीत माणसाला किती जागा हवी हे कागदावर आले. शेवटची अतिदक्षता खाट कोणाला द्यायची यावर मात्र स्वतंत्र कायदा नाही. सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम ७३ चे संरक्षण आहे, पण ते शासन, प्राधिकरणे व त्यांच्या वतीने काम करणाऱ्यांसाठी. स्वतःच्या दवाखान्यात निर्णय घेणाऱ्या खासगी डॉक्टरला सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) सांगितलेल्या ‘सर्वसाधारण सक्षम व्यावसायिका’च्या कसोटीवर अवलंबून राहावे लागते.

कोविडकाळात राज्यातील मानके एकामागून एक निघालेल्या आदेशांतून घडली. एप्रिल २०२० मध्ये कोविड केअर सेंटर, समर्पित कोविड आरोग्य केंद्र आणि समर्पित कोविड रुग्णालय अशी तीन पातळ्यांची रचना आली. डॉ. संजय ओक यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचे कृती दल नेमले गेले. मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांवर राज्याने नियंत्रण घेतले आणि दिवसाचे दर बांधून दिले : साध्या विलगीकरण कक्षासाठी ४,००० रुपये, अतिदक्षता विभागासाठी ७,५००, व्हेंटिलेटर लागल्यास ९,०००. वरकरणी ही बिलाची बाब. पण खाट पैशावर मिळणार की गरजेवर, हा प्रश्न त्या दरपत्रकाने काही अंशी तरी सोडवला.

खरी कसोटी प्राणवायूची. सप्टेंबर २०२० मध्ये आरोग्य विभागाने वापराचे प्रमाण ठरवले : वॉर्डातील रुग्णाला मिनिटाला ७ लिटर, अतिदक्षता विभागात १२ लिटर. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने लगेच आक्षेप घेतला, कारण रुग्णाची गरज परिपत्रकावर ठरत नाही. आक्षेप बरोबर होता आणि परिपत्रकामागचे गणितही खोटे नव्हते. एका मोठ्या, म्हणजे जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला ७ लिटरने तो साडेसोळा तास चालतो, १२ लिटरने पावणेदहा तास. नाकावाटे मिनिटाला ६० लिटर ओतणाऱ्या यंत्राला लावला तर दोन तासही पुरत नाही. त्या एका यंत्रापायी वॉर्डातले आठ रुग्ण कोरडे पडतात. हे गणित प्रत्येक सिस्टरला ठाऊक होते. परिपत्रकात उणीव राहिली ती पुढच्या वाक्याची : ७ लिटरवर सॅच्युरेशन (रक्तातील प्राणवायूचे प्रमाण) टिकत नसलेल्या रुग्णाचे काय करायचे, त्याला पुढे कोणी न्यायचे आणि तो दगावला तर जबाबदारी कोणाची. मर्यादा घालणाऱ्याने ही जबाबदारीही लिहून घेतली तरच तिला मानक म्हणावे, एरवी ती काटकसर.

दुसऱ्या लाटेत, ३० मार्च २०२१ रोजी, राज्याने प्राणवायूच्या उत्पादनातला ८० टक्के वाटा वैद्यकीय वापरासाठी राखला. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. साठवणुकीची सुरक्षितता हाही उपचाराच्या दर्जाचाच भाग असतो, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचे औरंगाबाद) घाटी रुग्णालयाला मिळालेल्या १५० व्हेंटिलेटरपैकी वापरात आलेली ११३ यंत्रे सदोष असल्याचे मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे मांडले गेले. केंद्र सरकारने ते न मानता हाताळणी व प्रशिक्षणाकडे बोट दाखवले. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, यंत्रांची संख्या मोजून सेवेची क्षमता ठरत नाही, हे त्यात दिसले. त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक रहिवासाचा पुरावा नाही म्हणून कोणालाही प्रवेश नाकारू नये असे बजावले आणि ८ मे रोजी केंद्राने भरतीसाठी पॉझिटिव्ह अहवालाची सक्तीही काढली.

तालुका पातळीवर या मानकांना वेगळा अर्थ येतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबादसारख्या ठिकाणी व्हेंटिलेटर कोणाला हा प्रश्न क्वचितच उभा राहतो. वेरूळ, बाजार सावंगी, गल्ले बोरगावकडचा रुग्ण खुलताबादेत येतो आणि तिथून घाटीला ‘रेफर’ होतो. म्हणून इथले पहिले मानक रेफर करण्याचे : किती सॅच्युरेशनला, कोणत्या गाडीने, कोणाला सोबत देऊन. केंद्राच्या कोविड वर्गवारीत ९० च्या खालचा रुग्ण गंभीर. पण ज्या गावातून मोठे रुग्णालय पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे तिथे ९३ लाच गाडी बोलावणे शहाणपणाचे. लहान, ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला १० लिटरने तो अडीच तास जातो. एरवी हे पुरून उरते. पण वाटेत दौलताबादच्या दिल्ली दरवाजापाशी गर्दीच्या दिवशी वाहने तुंबतात, आणि उतरल्यावर घाटीत खाट मिळेपर्यंतचा वेळही त्याच सिलिंडरवर काढायचा असतो. राज्याची १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. तिच्या ९३७ गाड्यांपैकी प्रगत जीवरक्षक साधने असलेल्या २३३ होत्या, बाकीच्या मूलभूत. गंभीर रुग्णासाठी कोणती गाडी येणार, यावरही दर्जा ठरतो.

खुलताबादला आणखी एक गोष्ट लागू आहे, गर्दीची. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला लोक रात्रभर पायी येतात. सुफी संत जर जरी जर बक्ष यांचा उरूस भरतो. जवळच घृष्णेश्वराला महाशिवरात्र व श्रावणी सोमवार असतात. २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्या यात्रेतील चेंगराचेंगरीत जवळपास तीनशे भाविक दगावले, ते अशाच तिथी ठरलेल्या गर्दीत. भूकंप सांगून येत नाही, यात्रा पंचांगात छापलेली असते. चेंगरलेल्यांची वर्गवारी कोणत्या मोकळ्या जागेत करायची, ३० खाटांच्या निकषावर बांधलेल्या ग्रामीण रुग्णालयात कोणते रुग्ण ठेवायचे, कोणते सरळ शहरात न्यायचे, आणि त्या दिवशी शहराकडे उतरणारा घाटाचा रस्ता रुग्णवाहिकेसाठी कोण मोकळा ठेवणार, हे आधीच लिहिता येते.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असणे आणि त्याचा दरवर्षी आढावा घेणे बंधनकारक आहे. उपचारांचा अग्रक्रम आणि रेफरचे नियम त्या आराखड्यात घालायला नव्या कायद्याची गरज नाही.