पऱ्हाटीची ग्रीक नोंद

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. इथल्या काळ्या मातीच्या शेतकऱ्याला तिचं वर्णन कुणी करून सांगायची गरज नाही. पण ज्या देशात ती उगवतच नव्हती, तिथल्या माणसांनी तिच्याबद्दल काय लिहिलं, ते त्याच्यापर्यंत पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

ग्रीकांपर्यंत आधी कापड पोचलं. इ.स.पू. 480 मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला, तेव्हा त्याच्या फौजेतल्या भारतीय सैनिकांच्या अंगावर झाडाच्या लोकरीचे कपडे होते, असं हेरोडोटस सांगतो. भारतात रानटी झाडांना लोकर येते आणि ती मेंढीच्या लोकरीहून सुंदर व सरस असते, हेही त्याचंच. त्याच्या पुस्तकात याच सुमाराला सोनं उकरणाऱ्या मुंग्याही येतात. नांगर, पेरणी, निंदण यांचा मात्र पत्ता नाही. नवलाच्या गोष्टीत शेतकरी दिसत नाही.

हेरोडोटसनंतर शंभरेक वर्षांनी तो दिसला. इ.स.पू. 326 मध्ये सिकंदराची फौज सिंधूच्या खोऱ्यात उतरली आणि परतलेल्यांनी आणलेली माहिती अथेन्समध्ये थिओफ्रास्टसच्या हाती आली. हा लेस्बॉस बेटावरचा माणूस, ॲरिस्टॉटलचा सहकारी आणि त्याच्यानंतर त्याच्या विद्यापीठाचा प्रमुख. ॲरिस्टॉटलने जे प्राण्यांसाठी केलं, ते याने वनस्पतींसाठी केलं. पान, साल, मूळ, फळ असं एकेक वेगळं पाहायचं आणि ओळखीच्या झाडाशी ताडून लिहायचं, ही त्याची रीत. कपाशीचं पान तुतीसारखं, एकूण झाड रानगुलाबासारखं. आणि मग ते वाक्य, ज्यासाठी मी त्याचा ऋणी आहे: लोक ही झाडं सपाट जमिनीवर ओळींत लावतात, म्हणून लांबून द्राक्षांचा मळा वाटतो.

ओळी म्हणजे आमच्याकडचे तास. तास आले म्हणजे ते धरणारा माणूस आला. हेरोडोटसच्या रानटी झाडाचं इथे पीक झालं, आणि ते कल्पनाशक्तीने नाही, तर नीट विचारपूस करण्याने झालं. ग्रीकांनी जगाला दिलेल्या गोष्टींत मी देवळांच्या खांबांआधी ही शिस्त मोजतो. टायलोस, म्हणजे आजच्या बहारीन बेटावरच्या कपाशीबद्दल थिओफ्रास्टस लिहितो, की लोकर असलेला कोश बंद असतो, पिकला की उकलतो आणि त्यातल्या लोकरीचं कापड काही स्वस्त, काही फार महाग विणलं जातं. बोंड फुटणं याहून वेगळं काय सांगणार?

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, येतं. तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई.

पुढे युरोप हे सारं विसरला. चौदाव्या शतकात तिकडे झाडाला कोकरं लागतात अशी कथा चालत होती. 1753 मध्ये स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने देशी कपाशीला गॉसिपियम आर्बोरियम हे नाव दिलं. आर्बोरियम म्हणजे झाडासारखं. आखूड धाग्याची, पाण्याचा ताण सोसणारी ही जात वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या होती. आज यवतमाळच्या शेतांत बहुतेक ठिकाणी उभी आहे ती मूळची अमेरिकन हिर्सुटम, आणि 2002 मध्ये परवानगी मिळाल्यापासून तिचे बीटी संकर. जुन्या जगाला ठाऊक असलेली ती देशी पऱ्हाटी आता शोधावी लागते.