व्हॅनीव्हर बुश यांच्या चरित्रांतील दोन कागद

पत्राखालीं ज्याची सही, शब्दहि त्याचेच, असें धरून चालणारा संशोधक फसतो, हें दप्तरें चाळणारांस सांगावयास नको. धन्याच्या नांवें निघालेल्या पत्राचा मसुदा चिटणिसाचा असावयाचा, हा अनुभव पेशवाईंतील कागदांत पदोपदीं येतो. हीच कसोटी अर्वाचीन कागदांसहि कशी लावावी लागते, हें अमेरिकेंतील विद्युत्-इंजिनियर व्हॅनीव्हर बुश (१८९०–१९७४) यांच्या चरित्रावरून दाखविण्याचें योजिलें आहे.

बुश यांस १९१६ सालीं डॉक्टरची पदवी मिळाली. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं चुंबकीय क्षेत्रांतील फरकावरून पाणबुडी हुडकणारें यंत्र तयार केलें. तें लांकडी नौकेवर चांगलें चाले. आरमारानें तें पोलादी जहाजांवर बसवून पाहिलें आणि प्रयोग फसला. शास्त्रज्ञ व सेनाधिकारी यांच्यांत विचारविनिमय नसला म्हणजे उत्तम यंत्रहि वायां जातें, हा धडा त्यांनीं जन्मभर स्मरणांत ठेविला.

१९१९ सालीं ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत अध्यापक झाले. अवकल समीकरणें सोडविणारें ‘डिफरन्शिअल अनॅलायझर’ हें यंत्र त्यांच्या देखरेखीखालीं १९३१ सालीं पुरें झालें. पुढील वर्षीं ते त्या संस्थेचे उपाध्यक्ष झाले व १९३९ सालीं वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनचे अध्यक्ष.

पहिला कागद १२ जून १९४० चा. फ्रान्सचा पाडाव होत असतां बुश हे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांस भेटले. संरक्षण-संशोधन समितीची योजना त्यांनीं एकाच पृष्ठावर, चार लहान परिच्छेदांत मांडली होती. दहा-पंधरा मिनिटांत ‘ओ. के. — एफ. डी. आर.’ असा शेरा पडला. बुश यांच्या पुढील आठवणींत ही हकीकत आहे. आठवण ही बखरीच्या जातीची असली, तरी समिति त्याच महिन्यांत स्थापन झाली, हें निर्विवाद आहे. शास्त्रज्ञांस लष्करांत भरती न करितां विद्यापीठांशीं करार करावयाचे, ही तिची रीत. १९४१ सालीं तिच्यावर मोठें खातें निर्माण होऊन त्याचेंहि प्रमुखपद बुश यांजकडेच आलें. रडार व लक्ष्याजवळ जातांच आपोआप उडणारा फ्यूज यांचें संशोधन या व्यवस्थेंत झालें. अणुबाँबचें आरंभीचें कामहि येथेंच होतें; तें पुढें लष्कराकडे गेलें.

दुसरा कागद १७ नोव्हेंबर १९४४ चा. त्यांत रूझवेल्ट यांनीं बुश यांस, युद्धकालीन संशोधनाचा अनुभव शांततेच्या काळीं कसा उपयोगी पडेल, याविषयीं चार प्रश्न विचारिले आहेत. सही अध्यक्षांची, परंतु मसुदा सरकारांतील व बुश यांच्या खात्यांतील मंडळींनीं मिळून सिद्ध केला होता, व बुश यांस तो आधींच ठाऊक होता. म्हणजे उत्तर देणारा प्रश्न घालण्यांतहि सामील होता. रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्यें वारले; उत्तराचा अहवाल जुलैंत ट्रूमन यांस सादर झाला.

म्हणून हें पत्र बनावट ठरतें काय? नाहीं. सही करणाराची संमति खरी आहे. मात्र कल्पनेचें श्रेय त्यास देतां येत नाहीं. शिवाय मसुदा करणाराचें सर्वच मनोगत सिद्धीस जातें, असेंहि नाहीं. संशोधनसंस्थेचा कारभार शास्त्रज्ञांच्याच हातीं असावा, अशी बुश यांची इच्छा होती. त्या धर्तीचें विधेयक ट्रूमन यांनीं १९४७ सालीं नामंजूर केलें. १९५० सालीं नॅशनल सायन्स फाउंडेशन स्थापन झालें, तें संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्षाकडे ठेवून.

पहिल्या कागदावर मजकूर विद्वानाचा व शेरा सत्ताधीशाचा, हें उघड दिसतें. दुसऱ्यांत तोच संबंध सहीखालीं झांकला आहे. दोन्ही कागद शेजारीं ठेवून वाचल्यावांचून दुसऱ्याचा अर्थ लागत नाहीं.