विश्वाची एकूण ऊर्जा शून्य : म्हणजे नेमके काय?

विश्वातील सगळ्या ऊर्जेची बेरीज शून्य असावी, अशी एक कल्पना भौतिकशास्त्रात आहे. वस्तुमान, प्रकाश आणि गती यांची ऊर्जा धन, गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा ऋण, आणि दोन्ही एकमेकींना फेडून टाकतात, असा तिचा हिशेब. हा सिद्ध झालेला नियम नव्हे, हे आधीच सांगतो. कारण "विज्ञानाने शून्यता सिद्ध केली" असे संदेश आपल्या समाजाच्या मोबाईलवर आनंदाने फिरतात.

अडते ते 'ऋण ऊर्जा' या शब्दावर. धाराशिवकडच्या माणसाला ती विहिरीवरून लवकर कळते. काठावरच्या दगडाची ऊर्जा शून्य धरा. तोच दगड तळाशी असेल तर त्याला वर ओढायला ऊर्जा खर्चावी लागते, आणि एवढे करून तो येतो फक्त शून्यावर. म्हणजे तळाशी तो उणे होता. विहीर जितकी खोल, तितकी उधारी मोठी.

आता पृथ्वीच विहीर समजा. तिचा काठ अनंत अंतरावर. जमिनीवरच्या 1 किलोच्या दगडाची उधारी सुमारे 6.25 कोटी ज्यूल होते. पण आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे त्याच दगडाच्या वस्तुमानात सुमारे 9 कोटी अब्ज ज्यूल ऊर्जा आहे. जमा बाजू 144 कोटी पट! मग शून्य कुठून येणार? दगडाला एकटी पृथ्वी ओढत नाही, दिसणाऱ्या विश्वातले सगळे द्रव्य ओढते. ती सगळी उधारी ढोबळमानाने मांडली तर दगडाच्या स्वतःच्या ऊर्जेच्या आसपास पोहोचते. एडवर्ड ट्रायॉन यांनी 1973 मध्ये 'नेचर'मध्ये हाच मुद्दा मांडून विश्व हे निर्वात पोकळीतील एक चढउतार असू शकेल, असे सुचवले. त्याआधी पास्कुअल जॉर्डन यांना ताऱ्याबद्दल असेच सुचले होते. ते आपण प्रिन्स्टनमध्ये रस्ता ओलांडताना आइन्स्टाइनना सांगितले आणि ते रस्त्यातच थबकले, अशी आठवण जॉर्ज गॅमॉव्ह यांनी लिहून ठेवली आहे.

मराठी माणसाचे नाव या हिशेबात येते ते डॉ. जयंत नारळीकरांचे. विश्वाला सुरुवातच नाही आणि द्रव्य सतत निर्माण होत असते, असे मानले तर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडत नाही का? 1960 च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी यावर ऋण ऊर्जेचे 'सी-क्षेत्र' मांडले. जितके द्रव्य नवे, तितकी त्या क्षेत्रात उणे नोंद. 1965 मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध जाहीर झाल्यावर हा सिद्धांत मागे पडला, तरी महास्फोटावरच्या शंका नारळीकरांनी शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. (उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनानंतर नाशिकला झालेल्या संमेलनाचे अध्यक्ष तेच.)

ट्रायॉन यांच्या बेरजेची अडचण वेगळी आहे. आइन्स्टाइनच्या गुरुत्व सिद्धांतात संपूर्ण विश्वाची ऊर्जा मोजण्याची सर्वमान्य रीतच नाही. वरचा आमचा दगडाचा हिशेबही न्यूटनच्या पद्धतीचा आहे.

आपल्या वाचकांसाठी कळीचा प्रश्न पुढे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सृष्टिकर्त्या ईश्वराविरुद्ध जे युक्तिवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे काहीच नसताना काही निर्माण झाले यावर विश्वास ठेवता येत नाही. मग ट्रायॉन त्याच्या विरोधात जातात का? आमच्या मते नाही. बेरीज शून्य असणे आणि काहीच नसणे या दोन गोष्टी आहेत. एक लाख जमा आणि एक लाख कर्ज असलेल्या घराची बेरीज शून्यच, पण ते घर रिकामे नसते. ट्रायॉन यांची निर्वात पोकळीसुद्धा पुंजभौतिकीचे नियम पाळते. ती अभाव नव्हे.

शून्यतेचेही तसेच. बाबासाहेबांनी त्याच ग्रंथात शून्यता म्हणजे सर्वनाश नव्हे, तर क्षणोक्षणी चालणारा बदल, असे समजावले आहे. त्या अर्थात ज्यूलची बेरीज कुठेच येत नाही.