प्रयोगशाळेविना अभियांत्रिकी

साथीच्या रोगांनी विद्यापीठे पूर्वीही बंद पाडली आहेत. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ बंद झाले आणि नुकताच पदवीधर झालेला न्यूटन वूल्सथॉर्प या आपल्या गावी परतला. गणित, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवरील त्याचे पुष्कळसे मूलभूत चिंतन त्या काळातले. २०२० च्या टाळेबंदीत ही गोष्ट विद्यार्थ्यांना वारंवार ऐकवली गेली. मात्र ती सांगताना एक बाब निसटली. कागद, लेखणी, काचेचा लोलक आणि खिडकीतून येणारे ऊन एवढ्यावर न्यूटनचे काम भागत होते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लेथ यंत्र घरी नेता येत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावातून अभियांत्रिकीच्या पदवीला जाणारे विद्यार्थी सहसा नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे येथे वसतिगृहात अथवा भाड्याच्या खोलीत राहतात. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि असे विद्यार्थी गावी परतले. वर्ग मोबाइलवर सुरू झाले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील ७५ व्या फेरीनुसार देशातील शहरी भागात २३.४ टक्के घरांत संगणक होता, ग्रामीण भागात फक्त ४.४ टक्के घरांत. म्हणजे एकाच वर्गातले विद्यार्थी घरी परतताच एका पातळीवर राहिले नाहीत.

आता एक साधे गणित करू. चलच्चित्रासह व्याख्यानाला सेकंदाला ५०० किलोबिट माहिती लागते असे धरू. तासाला ती १८ लाख किलोबिट, म्हणजे सुमारे २२५ मेगाबाइट होते. अशी पाच व्याख्याने ऐकली की रोजचा एक गिगाबाइटचा साठा संपतो. केवळ आवाज ३२ किलोबिट वेगाने पाठवला, तर तासाला १५ मेगाबाइटही लागत नाहीत. फळ्याचे छायाचित्र आणि ध्वनिमुद्रण पाठवणाऱ्या शिक्षकांनी म्हणूनच मोठे काम केले.

परंतु ज्ञानाचा एक भाग असा आहे की तो तारेतून जात नाही. संगणकावरील आभासी प्रयोगात १००० ओहमचा रोधक नेमका १००० ओहमचाच असतो. ५ व्होल्ट जोडले की ५ मिलिअँपिअर धारा दिसते. खऱ्या रोधकावर सोनेरी पट्टा असेल, तर त्याचे मूल्य ९५० ते १०५० यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. शिवाय जोडणी सैल असते, मापकाची कक्षा चुकीची निवडलेली असते. उत्तर जुळत नाही आणि विद्यार्थी दोष शोधू लागतो. अभियंता घडतो तो येथे. आभासी प्रयोगांनी संकल्पना समजावली, पण दोष शोधण्याची सवय ते लावू शकले नाहीत.

परीक्षेनेही हेच केले. पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. परीक्षेशिवाय राज्यांना पदवी देता येणार नाही, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजी झाला. त्यानंतर राज्यातील अनेक विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा घेतल्या. अशा परीक्षेत चार उत्तरांतून एक निवडता येते. यंत्रभागाचे रेखाटन किंवा जोडणीतले कौशल्य तपासता येत नाही.

१५ फेब्रुवारी २०२१ पासून महाविद्यालये निम्म्या उपस्थितीत उघडू लागली, पण दुसऱ्या लाटेने ती पुन्हा बंद केली. हिंगोली जिल्ह्यात तर १ ते ७ मार्च २०२१ या काळात संचारबंदी होती. त्यानंतर महाविद्यालये उघडायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडला. चार वर्षांच्या पदवीतील सुमारे १९ महिने असे गेले.

हा इतिहास त्या तुकड्यांपुरता संपत नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची लेखी परीक्षा रद्द झाली. त्या वर्षीचे दहावीचे विद्यार्थी अभियांत्रिकीकडे गेले, तर साधारण २०२७ मध्ये पदवीधर होतात. त्यांचे दहावीचे शालेय प्रयोगही बुडालेले आहेत. तेव्हा ही उणीव भरून काढण्याचे काम केवळ महाविद्यालयांचे नव्हे, आपलेही आहे. एकाच छापील मूल्याचे दहा रोधक विद्यार्थ्यांना मोजायला द्यावेत आणि दहा वाचने वेगवेगळी का आली, हे त्यांनाच शोधू द्यावे. वहीत एकच 'बरोबर' आकडा लिहून घेण्याची घाई मात्र आपण करू नये.