'सुपरसीड': कागदाचा शब्द माणसाला लागला

आज एकाच शब्दाबद्दल बोलू या. फौजी घरांत तो हळू आवाजात उच्चारला जातो. 'साहेब सुपरसीड झाले' म्हणजे बढतीच्या बोर्डात नाव आलं नाही आणि मागून आलेले पुढे गेले.

शब्दाचं मूळ वेगळंच आहे. लॅटिनमध्ये 'सुपर' म्हणजे वर आणि 'सेदेरे' म्हणजे बसणं. त्यावरून अर्थ झाला थांबणं, एखादी गोष्ट न करणं. इंग्लंडच्या कोर्टांत 'सुपरसीडियस' नावाचा हुकूम निघे, तो कारवाई थांबवायचा. म्हणजे मुळात हा तहकुबीचा शब्द. एकाच्या जागी दुसरा, हा अर्थ सतराव्या शतकात रुळला. स्पेलिंगमध्ये 'सी' नाही, 'एस' येतो. 'प्रिसीड'च्या नादानं भलेभले चुकतात. असे किती मसुदे मी सही न करता परत पाठवलेत!

शेजारचा 'सप्लांट' जास्त लबाड. त्याच्या पोटात तळपाय आहे, पाय घालून पाडणं. 'रिप्लेस' बिचारा निरुपद्रवी. बंदूक रिप्लेस होते. १९६२ला आमचे जवान .३०३ घेऊन लढले, पुढे एसएलआर आली. पोलिसांकडे मात्र ती .३०३ राहिलीच. २६/११च्या रात्री सीएसटीवर तीच होती.

हुकूम मात्र सुपरसीड होतो. नवं पत्र आलं की जुनं रद्द, त्यात जुन्याचा काही दोष नसतो. हाच कोरडा शब्द इंग्रजीनं माणसालाही लावला. एप्रिल १९७३मध्ये न्या. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर यांना मागे ठेवून न्या. रे सरन्यायाधीश झाले आणि तिघांनी राजीनामे दिले. १९८३मध्ये लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हांऐवजी जनरल अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले. वैद्य अलिबागचे, दोनदा महावीर चक्र मिळालेले; त्यांच्या योग्यतेवर शंका घेण्याचं कारणच नव्हतं. तरी सिन्हांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. पुढे ते आसाम आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले, पण त्यांचं नाव निघालं की आधी तो एकच शब्द निघतो.

मराठीनं इथे दोन खाती ठेवलीत. शासन निर्णय 'अधिक्रमित' होतो, माणसाला 'डावलतात'. डावलणारा कोण, हे लगेच विचारता येतं. इंग्रजी शब्दात तो प्रश्नच गडप होतो, आणि शिल्लक काय राहतं? माणूस जुन्या परिपत्रकासारखा कालबाह्य झाला, एवढंच.

अर्थात 'डावलला' हेही नेहमी खरं नसतं. वर जाल तशा जागा कमी होत जातात आणि बहुतेक चांगले अधिकारी कुठे ना कुठे थांबतातच. तो अधिकारी उद्याही तितकंच काम करणार असतो, फक्त कालच्या ज्युनियरला सॅल्यूट ठोकून. घरी मुलांना हे कसं सांगायचं? मी कित्येकांना त्या संध्याकाळी एकटं फेऱ्या मारताना पाहिलंय.

कागदोपत्री आता 'नॉन-एम्पॅनल्ड' असं लिहितात. मेसमध्ये मात्र जुनाच शब्द चालतो.