पालखीचा मानकरी खंड्या

सातारच्या पूर्वेस, महाबळेश्वराच्या डोंगरातून निघालेल्या कृष्णा आणि वेण्णा या दोन नद्या जेथे एकमेकींस मिळतात, तेथे संगम माहुली आणि क्षेत्र माहुली अशी दोन गावे समोरासमोर वसली आहेत. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधविलेले विश्वेश्वराचे देवालय, प्रशस्त घाट आणि सातारच्या राजकुळातील मृतांची दहनभूमी यांमुळे या संगमास जे गांभीर्य प्राप्त झाले आहे, ते आजही तेथे पाऊल ठेवताच जाणवते. महाराणी ताराबाईंसारख्या करारी राज्यकर्तीचा देह ज्या भूमीत विसावला, त्याच भूमीत एक लहानसा दगडी चौथरा आहे आणि त्यावर एका श्वानाची आकृती आहे. हा खंड्या, छत्रपती शाहू महाराजांचा कुत्रा.

खंड्याची कीर्ती एकाच प्रसंगावर उभी आहे. वाघाच्या शिकारीत महाराजांच्या जिवावर बेतले असता या कुत्र्याने त्यांचे प्राण वाचविले. अशा उपकाराची फेड एखादा शौकीन धनी सोन्याच्या पट्ट्याने किंवा रोजच्या दूधभाताने करता. शाहूंनी ती राज्यकारभाराच्या भाषेत केली. खंड्याच्या नावे जहागिरीची सनद झाली आणि पालखीचा मानही सनदेनेच मिळाला. मराठेशाहीत पालखी ही ऐपत आहे म्हणून कोणी खरेदी करावी आणि तीत बसून मिरवावे, अशी वस्तू नव्हती; ती सरकारातून मिळावी लागे आणि तिच्याबरोबर भोई व त्यांच्या खर्चाची नेमणूक येई. जन्मभर घोड्यावर मांड ठोकून मुलूखगिरी केलेल्या शिलेदारासही हा मान मिळेलच असा भरवसा नसे. तो मान एका मुक्या जनावरास मिळाला, भोई नेमले गेले आणि पालखीचा सरंजाम पुढेही चालू राहिला. खंड्याच्या जहागिरीचा वसूल कोणा कारकुनाने, मनातल्या मनात हसत का होईना, परंतु हिशेबात काडीचा फरक न करता लिहिला असेल, हे चित्र मला फार मौजेचे वाटते.

ही हकीकत आपणांपर्यंत पोहोचविली ती जेम्स ग्रँट डफने. पेशवाई बुडाल्यावर १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या या गृहस्थाने मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली प्रसिद्ध केला. शाहूंच्या उत्तरवयातील बुद्धिभ्रंशाचे वर्णन करताना तो सांगतो की, महाराजांनी खंड्यास जरीची वस्त्रे व जवाहीर लेवविले, स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवली, भर दरबारात दोन सरदारांची भेट घेतली आणि त्यानंतर स्वतःच्या मस्तकावर कधीही काही धारण केले नाही. जहागीर व पालखी यांची गणनाही डफ अशाच लहरींत करतो.

दरबारात पगडी कुत्र्याच्या डोक्यावर चढली तेव्हा महाराजांचे चित्त ठिकाणावर नसेलही. परंतु सनदांचा न्याय त्याच तराजूत करणे मला मान्य नाही. शाहूंचे आयुष्य आठवावे. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे हे बालक मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले आणि अठरा वर्षे औरंगजेबाच्या छावणीत वाढले. १७०७ साली सुटका झाली ती घरच्याच लोकांशी झगडण्यासाठी. खेडच्या लढाईच्या वेळी धनाजी जाधव त्यांच्या बाजूस आले आणि चारच वर्षांनी त्याच धनाजींचे पुत्र, सेनापती चंद्रसेन, रुसून शत्रुपक्षास मिळाले व पुढे निजामाच्या पदरी राहिले. वतन, सरंजाम आणि मानपान यांच्या वजनाने निष्ठेचे पारडे कोणत्या बाजूस झुकेल, याचा अदमास घेण्यात ज्याची हयात गेली, त्या राजाला खंड्याने वाघापुढे झेप घेण्याआधी कोणतीही सनद मागितली नाही, ही गोष्ट मोलाची वाटली असेल, तर त्यात वेडेपणा कोठे आला? जनावराने शिकविलेला हा धडा महाराजांनी आपल्या दफ्तरात लिहून ठेवविला, एवढेच.

अशा कृतज्ञतेला आपल्या देशात जुना पायंडाही आहे. तक्कोलमच्या रणांगणावर राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाच्या सैन्याने चोळांचा पराभव केला, त्या काळी, म्हणजे शके ८७२ च्या सुमारास, गंगराजा बूतुग याच्या पदरच्या मणलेर नावाच्या वीराने प्रसन्न झालेल्या स्वामीपाशी गाव-मुलूख न मागता ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. तो कुत्रा रानडुकराशी झुंजता झुंजता डुकरासह मेला. कर्नाटकातील आतकूर येथे त्याचा शिलालेख उभा राहिला. वर झुंजीचे शिल्प, खाली हकीकत आणि दगडाच्या पूजेसाठी तोडून दिलेली जमीन. दगडाची पूजा केल्यावाचून जेवणाऱ्या पुजाऱ्यास पाप लागेल, असा दंडकही तेथे घातलेला आहे. कुत्रा बाळगणाऱ्यास स्वर्गात जागा नाही, असे धर्मराजास इंद्राने बजावले होते; आतकूरच्या लोकांनी त्या निर्णयावर परस्पर अपील केलेले दिसते.

महाराष्ट्रात मात्र कुत्र्याच्या स्मारकाचे नाव काढले की वाघ्याच आठवतो. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उभारलेला वाघ्याचा पुतळा १९३६ सालचा. त्याच्या खर्चासाठी इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी देणगी दिली. धन्याच्या चितेत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याची कथा हृदयस्पर्शी आहे खरी. परंतु समकालीन कागदांत तिला आधार सापडत नाही. याच कारणाने वाद झाले, २०१२ साली पुतळा हलविला गेला आणि काही दिवसांतच पुन्हा बसविला गेला. लोकांना ती कथा खरी असावीशी वाटते, यात मला वावगे काही दिसत नाही, परंतु पुराव्याचे काम वाटण्याने भागत नाही. खंड्याचे तसे नाही. त्याच्या सनदांची आणि पालखीची साक्ष त्याच्या धन्यास भ्रमिष्ट ठरवू पाहणाऱ्या परकी अंमलदाराने दिली आहे, आणि प्रतिपक्षाच्या तोंडून आलेली अशी कबुली कोणत्याही कचेरीत ग्राह्य धरली जाते.